चाक कुठून बघायचं

मोरूची सुट्टी सोमवारी संपत होती आणि आज रविवार होता. सकाळपासून त्याच्या जिवाला थारा नव्हता. चहा अर्धा टाकून उठला, चप्पल घातली, काढली, पुन्हा घातली. भरलेली पिशवी दाराशी होती, ती उचलून उगाच खुंटीला टांगली. उद्या सकाळी कशेडी घाट उतरून येणाऱ्या मुंबईच्या एस्टीत बसायचं, की कायमचं पोलादपुरात राहायचं, हे आज हैबतीआबांच्या भातगिरणीत ठरणार होतं.

आबा म्हणजे मोठे खातेदार शेतकरी, मोरूच्या भावकीतले. पोलादपुरात वीज आली तशी त्यांनी भात सडायचं यंत्र आणलं. मोरू मुंबईला कापडगिरणीत वायरमन. आबा त्याला म्हणाले होते, मोटार जोडून चालू करून दाखव, मग चालवायलाही तूच. लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि चंद्रभागेच्या वाट्याला नवरा आला होता तो शिमग्याला चार दिवस नि गणपतीला आठ. चार वर्षांत नवरा-बायकोचं धड भांडणसुद्धा झालं नव्हतं, तेवढा वेळच मिळाला नव्हता. मोरूला आता मुंबई नकोशी झाली होती.

गिरणीत पोचला तेव्हा आबांनी पूजा मांडलेली. यंत्रामागच्या भिंतीवर देवाची तसबीर, अलीकडे दाराशी आबा हात जोडून उभे. मोरूने तिन्ही तारा जोडल्या, खटका ओढला. मोठं चाक फिरायला लागलं, आरती ओवाळतो तसं, डावीकडून वर आणि उजवीकडे खाली. आबा हरखले. नारळ फुटला, पेढे वाटले. मग भात ओतलं, आणि यंत्राने आ वासला. तांदूळ नाही, कोंडा नाही, नुसता घरघराट. भात आतच तुंबून बसलं.

मोरूने झटकन खटका पाडला. यंत्रासोबत आलेला इंग्रजी कागद खिशातून काढून पुन्हा वाचला. चाक घड्याळाच्या काट्यासारखं फिरावं, असं पहिल्या ओळीत होतं, तेवढंच त्याने वाचलेलं. खाली बारीक अक्षरांत होतं, पट्ट्याच्या बाजूने पाहताना. आणि पट्टा होता मागच्या भिंतीकडे! शहाण्याने दाराशी उभं राहून दिशा धरली होती. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली त्याला.

इलाज सोपा होता. वीज येते ती तीन तारांतून, लाल, पिवळी, निळी, एकीमागून एक, एकशेवीस अंशांच्या अंतराने. पहिली कुणाला म्हणायचं ते माणसाने ठरवावं, पण एकीमागून कोण ते चुकलं की मोटार उलटी. मोरूने मेन स्विच पाडला, दोन तारांच्या जागा बदलल्या, भात उपसलं, पुन्हा सुरू केलं. तांदूळ धो धो पडायला लागला.

"बंद कर ते!" आबा गरजले.

चाक आता त्यांच्या समोर उलटं फिरत होतं. महिन्यापूर्वीच त्यांनी भावाचं दिवसकार्य केलं होतं. सगळं उलटं, अपसव्य, ते डोळ्यांपुढून जात नव्हतं. शुभकामाला उलटं चाक नको म्हणाले. मोरूने तारांचं सांगितलं, अंशांचं सांगितलं, कागद दाखवला. गाढवापुढे वाचली गीता. आबा एवढंच म्हणाले, "मघाशी फिरत व्हतं तसंच फिरव. जमत नसंल तर उद्याची गाडी हाय तुला."

हातातोंडाशी आलेला घास असा गेला. मोरू दारापासून मेनपर्यंत आणि मेनपासून दारापर्यंत येरझारा घालू लागला. रागाने त्याला रडू येत होतं. सरळ फिरवावं तर तांदूळ नाही, उलटं फिरवावं तर नोकरी नाही. चंद्रभागेला काय तोंड दाखवायचं?

तेवढ्यात तीच भाकरी घेऊन आली. बाहेर बायकांकडून तिने सगळं ऐकलं होतं. पदर सारखा करून ती पोत्यांतून वाट काढत यंत्रामागे गेली, तसबिरीखाली जाऊन उभी राहिली आणि मोरूला म्हणाली, चालू करा. मोरूने आबांकडे पाहिलं. मग धीर करून त्याने खटका ओढला.

"आबा, एक इचारू का?" ती तिथूनच म्हणाली. "आपण आरती ववाळतो, ती आपल्याला सरळ दिसते. समोरनं देवाला कशी दिसत असंल?"

आबांनी नकळत हात उचलून हवेत ओवाळला. थांबले. मग पोती चढून मागे गेले, तिच्याशेजारी उभं राहून चाकाकडे बघत राहिले. डावीकडून वर, उजवीकडे खाली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली.

"म्हंजे इतकी वर्षं," ते हळूच म्हणाले, "त्याला उलटीच दिसली म्हणायची. आणि कधी नाय म्हणाला नाय."

तसबीर त्यांनी स्वतःच्या हाताने भिंतीवरून काढली आणि दारावर, आतल्या अंगाला टांगली; म्हणजे पूजा आता मागे उभं राहून, चाक सरळ दिसेल तिथून. उरलेला नारळ मागच्या बाजूने फोडला. उद्यापासून सात वाजता ये रे, असं मोरूला बजावून, तांदळाची मूठ भरून बघत बाहेर पडले.

मोरूचे पाय अजून थांबत नव्हते. सात वाजता, पण नोकरीचा कागद करायला पाहिजे, मुंबईला कळवायला पाहिजे, आबांचा काय भरवसा, उद्या आणखी काही निघालं तर! बोलता बोलता म्हणाला, ती पिशवी तशीच असू दे चार दिवस, बघू.

चंद्रभागा खाली बसून भाकरीचं फडकं सोडत होती. "ती पिशवी मी तुम्ही घराबाहेर पडलात तवाच सोडली," ती म्हणाली. "कपडे धुऊन वाळतबी पडलेत."