पिंपळाखालचा जुना तुकडा

राजुऱ्यापलीकडच्या त्या कोळशाच्या गावात तक्षशिला वॉर्डाच्या शेवटच्या गल्लीत पाण्याची नवी लाईन पडणार म्हटल्यावर लोकांना भीमजयंतीइतका आनंद झाला. तिथले सिमेंटचे पाइप गल्लीतला म्हातारा देवराव खाणीत नोकरीला लागला तेव्हाचे, आणि त्यांना चिकटूनच गटाराची लाईन. नळ एक दिवसाआड यायचा. आधी पिवळं पाणी, मग गढूळ, आणि जरा निवळलं की बंद. त्यामुळे खोदायचं यंत्र आलं तेव्हा गल्लीने मुकाट धूळ खाल्ली, दारासमोरच्या खड्ड्यांवर फळ्या टाकून ये-जा केली, कुणी कुरकुर केली नाही. यंत्र पिंपळापाशी येऊन थांबलं तेव्हा मात्र सगळ्यांचे चेहरे उतरले.

पिंपळ देवरावचा होता. जागा गल्लीची, पण झाड देवरावचं, हे शेंबडं पोरही सांगायचं. त्याचा एकुलता एक मुलगा संघपाल कोळशाच्या ट्रकखाली गेला, तेव्हा मरणानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी देवरावने दीक्षाभूमीवरून आणलेलं पिंपळाचं रोप घरासमोर गल्लीत लावलं आणि त्याच खड्ड्यात पोराची राख सोडली. रोप असं तरारलं की बघत राहावं. मे महिन्यात त्या मुलखातलं ऊन माणसाला भाजून काढतं, आजूबाजूला गवताची काडी उरत नाही, पण हा पिंपळ हिरवागार. पाणी कुणी घालत नव्हतं. "माह्या पोराले कोनाचं पानी नाई लागत," देवराव अभिमानाने सांगायचा. त्याची बायको शकुबाई रोज सकाळी पदराने झाडाचं खोड पुसायची.

ठेकेदाराचा मुकादम मुखरू चामोर्शीकडचा, बोलायला मऊ. तो टोपी काढून देवरावच्या दारात उभा राहिला.

"देवरावभाऊ, दोन्ही लाईनी याच्याच मुळाखालून जातेत. बाजूनं न्याव म्हटलं तं दोहीकडं घराच्या भिंती. झाड काढा लागन."

संध्याकाळी विहारात बैठक बसली, तिथे देवराव भिंतीला टेकून नुसता बसून राहिला. त्याच्या वतीने बोलला तो नागसेन. खाणीत डंपर चालवणारा हा पोरगा संघपालचा लंगोटीयार, देवरावच्याच घरी जेवून लहानाचा मोठा झालेला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बोधिवृक्ष तोडून आनलेलं पानी माह्या तरी गळ्याखाली उतरनार नाई."

"मंग झाडाखालचा तेवढा तुकडा जुनाच राह्यते," मुखरू म्हणाला. "दोहीकडून नवा पाइप जोडून देतो मी. पन उद्या मले कोनी बोलाचं नाई."

"राहू दे जुना. आजवरी थेच पानी पेलो ना आपन? मेलो का?" नागसेन म्हणाला.

सगळ्यांनी हात वर केले. बायकांमध्ये नागसेनची बायको माधवी बसली होती, तिने तर दोन्ही हात वर केले आणि विहारभर हशा पिकला. देवराव पंच्यात तोंड लपवून रडला. गल्ली अशी होती, दुसऱ्याच्या दुःखाला जपणारी. त्या चांगुलपणाला आता काय म्हणावं, ते मला अजून कळत नाही.

लाईन पडली, रस्ता बुजला, आणि पावसाळा सरता सरता गल्लीत कावीळ शिरली. आधी एका घरात, मग शेजारच्या. नर्सबाईने नळाचं पाणी बाटलीत भरून तपासायला नेलं, घरोघरी पाण्यात टाकायच्या गोळ्या वाटल्या, पाणी उकळून प्या म्हणाली. बाटलीचा निकाल काही आला नाही. लोकांनी माना डोलावल्या आणि गोळ्या फळीवर ठेवून दिल्या. लाईन नवी कोरी, पाण्यात कसली आली खोट? पिंपळाखालचा जुना तुकडा कुणाच्या ध्यानातही राहिला नव्हता. सगळा राग निघाला बसस्टँडवरच्या पाणीपुरीवाल्यावर. बिचाऱ्याची गाडीच उठवली पोरांनी.

मग माधवीचे डोळे पिवळे झाले. तिला सातवा महिना होता. नागसेनने झाडपाल्याचं औषध आणलं, दही-भातावर ठेवलं, आणि ती भलतंसलतं बरळायला लागली तेव्हा गाडी करून चंद्रपूरला नेली. पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट, असं डॉक्टर म्हणाले. बाळ आधी गेलं. तीही सकाळपर्यंत टिकली नाही.

तिसऱ्या दिवशी नागसेन देवरावकडे आला. दाढी वाढलेली, अंगात खाणीवरचाच मळका शर्ट.

"काका, मी चामोर्शीले जातो, तिच्या मायबापाकडे. तिथून आलो का पुण्यानुमोदन करू. तिची राख मी नदीत नाई सोडत. संघपालच्या बाजूले ठेवतो, पिंपळाखाली. चालन ना तुमाले?"

"हे विचाराची गोष्ट हाये का, बेटा? खड्डा मी सोता खंदून ठेवतो."

नागसेनने त्याच्या पायाला हात लावला आणि गेला.

त्या दुपारी शकुबाई तांदूळ निवडत होती. निवडता निवडता सहज म्हणाली, "आपल्या घरी कोनालेच काऊन नाई झाली हो कावीळ?"

देवराव खड्डा खणायला सब्बल आणि फावडं घेऊन निघाला होता. तो उंबऱ्यावरच थांबला. त्याचा नळ पिंपळाच्या अलीकडे, पाणी येतं त्या बाजूला होता. अलीकडच्या एकाही घरात दुखणं नव्हतं. पलीकडच्या एकाही घराला दुखण्याने सोडलं नव्हतं. नागसेनचं घर पलीकडे. त्याच्याही पुढे, गल्लीच्या टोकाला, शेवटच्या घरची सून पोटुशी होती.

तो झाडापाशी गेला आणि खणू लागला. वरची माती कोरडी होती, पण जरा खाली जाताच चिखल लागला, आणि चिखलाला घाण येत होती. मग मुळं लागली. गटाराचा पाइप त्यांनी आवळून फोडला होता आणि शेजारचा पाण्याचा पाइपही. दोन्हीत ती केसांच्या बुचक्यासारखी भरली होती. नळाचा दिवस नव्हता. पाण्याचा पाइप रिकामा होता, आणि गटाराचं काळं पाणी मुळांच्या आधाराने थेंब थेंब त्यात उतरत होतं.

माझ्या पोराला कुणाचं पाणी लागत नाही म्हणत होता देवराव! साऱ्या गल्लीचं पाणी पिऊन झाड वाढलं होतं, आणि बदल्यात गल्लीला हे पाजत होतं.

खड्डा बुजवावा असं त्याच्या मनात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. आलं. हात फावड्याकडे गेलाही. पण तोवर शकुबाई मागे येऊन उभी राहिली होती आणि खड्ड्यात पाहत होती. तिने पदर नाकाला लावला, मग काढला.

"नागसेनले सांगा लागन," देवराव म्हणाला.

"काय सांगान? का तूच बैठकीत उठून बोलला, म्हून तुही बायको गेली?"

देवराव खड्ड्याच्या काठावर बसला.

"हे आयकून थो पोट्टा जगन का?" शकुबाईने विचारलं.

"नाई जगनार."

"मंग त्याले काही सांगू नोका." शकुबाईने खोडाला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. "थो परत याच्या आत सारं साफ करा. झाड तोडा."

"शकू, आपला पोरगा हाये थो."

"मले का मालूम नाई?" ती म्हणाली. "मीच जनला ना त्याले."

मुखरू जवळच दुसऱ्या वॉर्डात काम करत होता. तो माणसं घेऊन आला, खड्ड्यात एकदा वाकून पाहिलं आणि काय ते समजला. पुरुषमाणसं खाणीवर आणि बाया धान कापायला गेल्या असताना करवत चालली. घरी उरलेले म्हातारे दारात आले, काऊन तोडता म्हणून विचारू लागले. देवराव त्यांच्याकडे न पाहता फांद्या ओढत राहिला, तेव्हा त्यांनी म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं ठरवलं. फुटके पाइप ताडपत्रीत गुंडाळून ट्रॅक्टरवर गेले. नवा काळा पाइप सरळ पार झाला, गटाराची लाईनही.

"मी कोनाजवळ बोलत नाई, भाऊ," जाताना मुखरू म्हणाला. मुळाच्या मातीत राख कुठली आणि धूळ कुठली, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. देवरावने त्यातली मूठभर माती धोतराच्या सोग्यात बांधून घेतली.

नागसेन आला तेव्हा त्याच्या हातात लाल फडकं बांधलेलं मडकं होतं. गल्लीत झाड नव्हतं. उकरलेली ओली माती होती आणि बाजूला फांद्यांचा ढीग. तो तसाच उभा राहिला. गल्लीतले लोकही जमले.

"काका, झाड कुठी गेलं?"

देवराव ओट्यावर बसला होता. सगळं खरं त्याच्या ओठावर आलं होतं. सांगून टाकावं, हलकं व्हावं, पोराने मग हवं तर दगड घालावा डोक्यात. त्याने तोंड उघडलं.

"आमी तोडलं," आतून शकुबाई म्हणाली आणि बाहेर आली. "आमाले आमच्या पोराजवळ दुसऱ्या कोनाची राख नोको."

नागसेन तिच्याकडे पाहत होता, ऐकलं ते खरं वाटत नसल्यासारखा.

"काकू, हे झाड मी वाचोलं होतं."

"हो," शकुबाई म्हणाली. "तूच वाचोलं होतं."

तिचा आवाज जराही हलला नाही. त्या बाईने एवढं काळीज कुठून आणलं असेल, देव जाणे. नागसेनने मडकं छातीशी धरलं आणि वर्धा नदीकडे जायच्या रस्त्याला लागला. त्याच्यामागे सगळी गल्ली गेली. जाताना एक म्हातारी देवरावच्या दाराकडे पाहून थुंकली.

कावीळ ओसरली. पाणी धो धो येऊ लागलं, तेही निवळशंख. ठेकेदाराने काम चोख केलं, असं लोक म्हणू लागले. देवरावला कुणी काका म्हणेनासं झालं, आणि विहारात त्याच्या शेजारची सतरंजी रिकामी राहू लागली. नागसेन समोरून आला तर खाली मान घालून निघून जायचा.

थंडीत शेवटच्या घरच्या सुनेला मुलगी झाली. तिची सासू पेढ्यांचं ताट घेऊन दारोदार फिरली. देवरावच्या शेजारच्या घरातून ती बाहेर पडली, ताटावर पदर ओढला आणि त्यांचं दार टाळून पुढे गेली.

शकुबाई उंबऱ्यात उभी होती. गल्लीच्या टोकाकडून लेकराचं रडणं ऐकू येत होतं.

"आवाज मोठा हाये पोट्टीचा," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.