पंधराशे फूट

डाव्या मोज्याला भोक. घोटभर उरलेली गार कॉफी. गुरुवारी सकाळी दहाला मुलाखत. निळी शेपटी.

मुलाखत कॅप्टनची. ती पार पडली की तो नव्या वैमानिकांचा शिक्षक होणार. अकरा वर्षं त्याने याच एका गोष्टीची वाट पाहिली होती.

शेपटी पुढच्या विमानाची. गर्दीची वेळ, उतरायला सात विमानं रांगेत. हवा स्वच्छ होती म्हणून टॉवरने विचारलं, पुढचं विमान दिसतंय का? दिसतंय म्हटल्यावर नजरेने उतरायची परवानगी मिळाली. आता किती खाली या हे सांगणारं कुणी नाही. उंची आपली आपण सांभाळायची. कॅप्टनने शेपटीवर डोळे रोखले आणि शेवटच्या वळणाला हात आपसूक विमान पंधराशे फुटांवर घेऊन आले.

घरच्या विमानतळावर त्या वळणाला पंधराशेच लागतात. पण तो समुद्राकाठी. यंत्रातला आकडा समुद्रापासून मोजलेला, आणि इथली जमीनच मुळात सहाशे चाळीस फूट वर.

"सर, उंची," को-पायलट म्हणाली.

"पंधराशे. बरोब्बर."

"जमिनीपासून आठशे साठच आहे, सर."

त्याने धावपट्टीकडे पाहिलं. कडेचे चारही दिवे लाल, म्हणजे फारच खाली. त्याने विमान वर घेतलं. फिरून येतो, असं तिने टॉवरला कळवलं.

पुढचं विमान रेंगाळलं वाटतं, टॉवर म्हणाला. बरं केलंत.

दुसऱ्या खेपेला अलगद उतरले.

वैमानिकांच्या खोलीत त्याने अहवालाचा फॉर्म पुढ्यात ओढला.

*विमान परत वर का नेलं?*

"टॉवरनेच कारण दिलंय, सर. आयतं," ती खुर्ची ओढत म्हणाली. "गुरुवार जवळ आलाय."

"माझ्या जागी तू असतीस तर?"

"मी नाहीये ना. म्हणून तर सल्ला फुकट देतेय."

तो हसला. "आणि तू जरा ओरडायचंस की. केवढं हळू बोललीस."

"तुमच्यावर ओरडू? मला नोकरी करायचीय अजून."

त्याचं पेन थांबलं. उद्या पोरांना शिकवायला उभं राहायचं, आणि कॅप्टनला टोका म्हणून सांगायचं. कुठल्या तोंडाने?

*विमान परत वर का नेलं?* कॅप्टन घरच्या विमानतळाच्या सवयीने खाली आला.

*कुणाच्या लक्षात आलं?* को-पायलटच्या.

*कॅप्टनचं उत्तर?* "बरोब्बर."

तिने वाकून वाचलं. "हे शेवटचं तरी खोडा, सर."

"राहू दे."

त्याने बायकोला फोन लावला. "गुरुवारचं बहुतेक बोंबललं."

"काय केलंस?"

"घरी येऊन सांगतो. माझं मीच ओढवून घेतलंय."

मुलाखत सहा महिने पुढे गेली.

त्या उड्डाणाला निघण्याआधी तिथल्या जमिनीचा सहाशे चाळीस हा आकडा त्यानेच को-पायलटला मोठ्याने वाचून दाखवला होता.