सव्वा हात पुढे

मित्रांनो, मी एक जुनी स्कूटर आहे आणि पोलिसांच्या यार्डात पंधरा दिवस राहून आले आहे. गुन्हा माझ्या मालकांनी केला, पण आत मात्र मला टाकलं.

मालक टेलर. नवीन लग्न झालेलं असताना त्यांनी मला शोरूममधून घरी आणलं. शिवलेले कपडे गिऱ्हाइकांकडे पोचवणं हे माझं काम. मालक पुढे, त्यांची बायको म्हणजे काकू मागे, काकूंच्या मांडीवर इस्त्री केलेल्या कपड्यांचा गठ्ठा. मालकांनी वेग वाढवला की काकू तोंडानं काही बोलत नसत. मालकांच्या खांद्यावर दोन हलक्या थापा मारत. मालक लगेच हळू. "हँडल माझ्या हातात, पण वेग हिच्या हातात," असं ते सगळ्यांना सांगत.

माझ्या मागच्या सीटला काकूंनी कोटाच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवलं होतं. लोक म्हणत, "सूट घातलेली स्कूटर पहिल्यांदाच पाहिली!" मी फुगून जायची.

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. मालकांनी मला जिन्याखाली लावलं, वर जुनी चादर टाकली. दीड वर्षात माझे टायर बसले आणि हेडलाइटमध्ये कोळ्यानं संसार थाटला.

शेजारच्या दुकानात घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजी हे मालकांचे जुने मित्र. त्यांची स्कूटरही माझ्याच वयाची, फक्त जास्त खोकणारी. मालक घराबाहेर पडत नाहीत, हे त्यांना बघवत नव्हतं. एक दिवस त्यांनी माझी चादर ओढली.

"काय रे, हे शिलाई मशीन अजून विकलं नाहीस?"

"तुझ्या खटाऱ्यापेक्षा बरं धावतं."

"धावतं? पांघरूण घेऊन?"

"रविवारी सकाळी ये. पुलापासून शाळेपर्यंत. मग बघू कोण धावतं ते!"

दोघांच्या वयांची बेरीज एकशे एकोणतीस. अक्कल मात्र त्या दिवशी दोघांत मिळून पाच वर्षांची होती.

रविवारी मालकांनी माझ्यात हवा भरली, पेट्रोल भरलं. ब्रेक तपासायचं तेवढं राहिलं. पुलाजवळ त्यांनी कापडावर खुणा करायच्या खडूनं रस्त्यावर रेघ मारली. ती सरळ यावी म्हणून टेपही लावली! घड्याळजींनी गळ्यात स्टॉपवॉच अडकवलं. "एक, दोन, तीन!" आणि आम्ही निघालो. खरं सांगते, मला मजा येत होती. दीड वर्षानं कानात वारा शिरला होता.

शाळेपाशी पोलीस टपून बसले होते. मोटारसायकलींच्या शर्यती लावणारी तरुण पोरं त्यांना पकडायची होती. आलो आम्ही.

तेवढ्यात एक बाई पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला लागल्या. मालकांनी ब्रेक दाबला. ब्रेक लागेना. दुसऱ्यांदा दाबला तेव्हा मी घसरत कशीबशी थांबायला लागले. बाई घाबरून मागे सरकल्या आणि पडल्या. टोमॅटो रस्ताभर झाले. त्यांचा चष्मा माझ्या पुढच्या चाकाखाली आला, तेव्हा कुठे मी थांबले. तो कर्रर्र आवाज मी अजून विसरलेले नाही.

"काय चाललंय काका?" हवालदारानं विचारलं.

"काही नाही, फिरायला निघालो होतो."

"गळ्यात स्टॉपवॉच अडकवून?"

आम्ही दोघी जप्त झालो.

यार्डात शर्यतीत पकडलेल्या चकचकीत मोटारसायकली उभ्या होत्या. एकीनं विचारलं, "आजी, तू कशात सापडलीस?"

"शर्यतीत."

सगळ्या इतक्या हसल्या की एकीची साखळीच उतरली. फक्त कोपऱ्यातली एक वाकड्या हँडलची हसली नाही. तिचा मालक दवाखान्यात होता. "तो मला न्यायला येईल ना गं?" ती रोज विचारायची. न्यायला कोणी आलं नाही, तर गाडी भंगारात जाते. त्या रात्रीपासून मीही फाटकाकडे बघत बसले.

कोर्टात काय झालं, ते हवालदार यार्डात एकमेकांना रंगवून सांगत होते, तेव्हा मी ऐकलं. वकिलानं दोघांना पढवलं होतं, "शर्यत नव्हतीच. योगायोगानं एकाच रस्त्यानं चाललो होतो, एवढंच म्हणा." दोघांनी तसंच म्हटलं. मग न्यायाधीश मॅडमनी सहज विचारलं, "बरं, तुमच्यात पुढे कोण होतं?"

"मी," घड्याळजी म्हणाले. "अर्ध्या सेकंदानं."

"साफ खोटं!" मालक ताडकन उठले. "मी सव्वा हात पुढे होतो, मॅडम! चाळीस वर्षं मापं घेतोय, माझी नजर चुकत नाही."

वकिलानं कपाळाला हात लावला. मॅडम म्हणाल्या, "मग नजरेनंच सांगा. तुम्ही थांबलात तेव्हा त्या बाई किती लांब होत्या?"

मालक हळूच खाली बसले. मग खाली बघत म्हणाले, "चार बोटं."

कोर्टात कोणी हसलं नाही.

मालकांनी गुन्हा कबूल केला. त्यांच्या पाठोपाठ घड्याळजींनीही केला. दोघांना दंड झाला, सहा महिने लायसन्स बंद झालं, आणि बाईंना नवा चष्मा करून द्यायचं ठरलं. मॅडमनी बजावलं, "या वेळी गाड्या परत देते. पुन्हा असं केलंत, तर त्या घर बघणार नाहीत."

दुसऱ्या दिवशी मालक आणि घड्याळजी आले. चालवता येणार नव्हतं, म्हणून दोघं आम्हाला ढकलत निघाले. थोडं अंतर दोघं बरोबरीनं चालले. मग घड्याळजींचं पाऊल जरासं पुढे पडलं. मालकांचंही पडलं. बघता बघता दोघं धापा टाकत पळायला लागले!

"ओ काका!" फाटकातून हवालदार ओरडला.

मालक थांबले. त्यांचा हात मागच्या सीटवर, कोटाच्या कापडावर गेला. त्यांनी दोनदा हलकेच थोपटलं. "हो गं," ते पुटपुटले आणि हळू चालायला लागले. घड्याळजी वळणावर त्यांची वाट बघत उभे राहिले.

मित्रांनो, माझे ब्रेक आता नवे आहेत. तुमच्याही पाठीमागे कोणीतरी "हळू" म्हणणारं असेल, त्याचं ऐका. आणि कधी वेगाची खुमखुमी आली, तर आधी आपला हात डोळ्यांसमोर धरा आणि चार बोटं म्हणजे किती, ते नीट बघा.