भडक्याच्या आधीचं

मिरजेच्या एका इस्पितळात, भाजलेल्यांच्या वॉर्डाबाहेर, मी दाजींच्या तोंडावर दुसरा गुद्दा हाणला तेव्हा त्यांचा दात पडला. पाणी गाळून पिणाऱ्या जैनाच्या घरातला मी. आयुष्यात पहिल्यांदा हात उचलला आणि खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

"आवं सोडा! स्टोचा भडका झाला, मी काय केलं?" नेमगोंडादाजी ओरडले.

"ह्यो दवाखाना हाय, तालीम न्हवं!" हवालदाराने मला ओढून बाजूला केलं.

आत माझी बहीण गुणमाला गळ्यापासून मनगटापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेली. "स्टोचा भडका झाला," एवढंच ती पुटपुटली. हवालदाराने तेवढाच जबाब लिहिला आणि सहीसाठी कागद पुढे केला. सही झाली की ती बरी होऊन त्याच घरात जाणार होती.

भडके टिपणं हा माझा धंदा. बंगळूरला मी तंत्रज्ञ. आमचं यंत्र चौऱ्याण्णव साली उपग्रहावर बसून वर गेलं. आकाशात कुठे गॅमा किरणांचा स्फोट झाला की ते नोंद करतं. केवढा स्फोट टिपायचा, ती मर्यादा आपण ठरवायची. फार खाली ठेवली तर यंत्र भलत्यासलत्याला दचकतं आणि त्याची स्मृती भरून जाते. म्हणून ती वर ठेवा, हा हट्ट माझाच. बारीकसारीक सुटलं तर सुटलं. पण नोंद साठते ती स्फोटाच्या काही सेकंद आधीपासून. आधीचं हाती नसेल तर स्फोटाचा अर्थच लागत नाही.

मी कागद हिसकावला. "गुणा, आदीचं सांग. भडक्याच्या आदीचं."

"ऱ्हाऊ दे आण्णा."

"सांग म्हंतो न्हवं!"

तिने नजर छताकडे वळवली. मग सुरू झाली. रॉकेल कोणी ओतलं, दार कोणी लावलं. त्याआधी कमरेच्या पट्ट्याने मारलं. त्याआधी जिन्यावरून ढकललं. हवालदाराचं पान भरलं, त्याने दुसरं घेतलं. दाजी दारात रक्त पुसत उभे होते.

"पैल्यांदा कवा मारलं, ताई?" हवालदाराने विचारलं.

"लग्नानंतरच्या पैल्या दिवाळीत. कानशिलात. आण्णा आलावता भाऊबीजेला, त्याला सांगितलं मी. त्यो म्हनला, एवढं तेवढं चालायचंच, गुणा. मनावर घ्यायचं न्हाई."

हवालदाराचं पेन थांबलं. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"लिवा," मी म्हणालो. "माझ्या नावासकट लिवा. जवाहर."