चार नंबर वॉर्डाची मोजणी

मॅट्रिकला व्हायोलेट मिस्किटाला इतिहासात छत्तीस मार्क पडले होते, आणि नेमका इतिहासच तिच्या गळ्यात पडला.

साल एकाहत्तर. मालाडच्या पूर्वेला, टेकडीखालच्या सरकारी मनोरुग्णालयाला पंचाहत्तर वर्षं भरत होती. मंत्री येणार, मांडव पडणार, भाषणं होणार आणि मंत्र्यांच्या हातात द्यायला संस्थेच्या इतिहासाची एक पुस्तिका हवी होती. सुपरिंटेंडेंट डॉक्टर राजाध्यक्षांनी कचेरीभर नजर फिरवली, तेव्हा हेडक्लार्क तावडे एका फायलीत असं तोंड खुपसून बसले की जणू ती फाईल त्यांना आजच सापडली होती. उरली रेकॉर्ड सेक्शनची व्हायोलेट. वय तेवीस, नोकरी आठ महिन्यांची. साहेबांना नाही म्हणायला तिला अजून कोणी शिकवलं नव्हतं.

"घाबरू नको गं," साहेब आत गेल्यावर तावडे म्हणाले. "कागदांच्या नादी लागू नको. अर्ध्याला वाळवी, अर्ध्याला उंदीर. सरळ धाकूला धर."

धाकू घाडी म्हणजे चार नंबर वॉर्डाचा मुकादम. साठीचा, काटक, देवगडकडचा माणूस. अंगात कायम खाकी शर्ट, हातात पाटी. सकाळ-संध्याकाळ वॉर्डातली माणसं मोजायची, तो आकडा पाटीवर लिहून स्वयंपाकघरात पाठवायचा, त्या आकड्यावर चपात्या लाटल्या जायच्या. नवीन अटेंडंट आला की आधी धाकूच्या हाताखाली. चवताळलेल्या माणसाला चार जण आवरायला धावले की धाकू म्हणायचा, "थांबा रे," आणि त्या माणसाशी घरच्या पाहुण्यासारखं बोलायला लागायचा. दहा मिनिटांत दोघं चहा पीत बसलेले. हे कोणत्या पुस्तकात लिहिलंय, असं एका डॉक्टरनं त्याला विचारलंही होतं.

व्हायोलेट रोज दुपारी वही घेऊन त्याच्याकडे बसू लागली. इतिहास असा असतो हे शाळेत कोणी सांगितलं असतं तर तिला नक्कीच जास्त मार्क पडले असते. कुठल्याशा गोऱ्या साहेबाला टोमॅटोनं वेड बरं होतं असं वाटायचं, म्हणून वर्षभर तिन्ही त्रिकाळ टोमॅटो. पुढच्या साहेबानं बॅण्ड काढला. ढोलवाला चांगला होऊन घरी गेला आणि बॅण्ड बसला. आठ-नऊ वर्षांपूर्वी गोरेगावच्या स्टुडिओतला एक नट वेड्याचं काम शिकायला आला होता. डोळे फिरवून, केस उपटून, खदाखदा हसून दाखवत होता. वॉर्डातली माणसं गोलात बसून गंभीरपणे बघत होती.

"मगे आमचो एक म्हातारो उठलो," धाकूनं सांगितलं, "आणि माका कानात इचारता, ह्येका कोणी आणल्यानी रे? घरची माणसां खय आसत ह्येची?"

व्हायोलेट इतकी हसली की तिची वही खाली पडली.

पण साहेबांनी आणखी एक हुकूम सोडला. सर्वांत जुना कर्मचारी म्हणून समारंभात धाकूचा शाल-नारळ देऊन सत्कार करायचा, आणि वयाची अठ्ठावन्न कधीच उलटून गेल्यामुळे त्याच दिवशी त्याला निवृत्तही करायचं. मिस मिस्किटांनी त्याची रुजू झाल्याची तारीख शोधून काढावी.

"आणि तो जाणार कुठे?" व्हायोलेटनं तावड्यांना विचारलं.

"गावी. कोकणातली माणसं शेवटी गावीच जातात."

तिनं धाकूला विचारलं. गावात भाऊ होता, लवू, तो वारला. त्याच्या मुलांनी काकाला पाहिलंही नव्हतं. पत्र येऊन किती वर्षं झाली हे धाकूला सांगता आलं नाही. या माणसाला शाल घालून फाटकाबाहेर काढणार! व्हायोलेटच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काहीही होवो, धाकूमामांना इथून हलू द्यायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं. मिस्किटांच्या घरात एकदा ठरलं की ठरलं. तिच्या बापानं याच स्वभावापायी तीन नोकऱ्या सोडल्या होत्या.

तारीख मात्र मिळेना. सर्व्हिस बुक नाही, नेमणुकीचा कागद नाही. शोधता शोधता तिच्या हाती भलतंच लागलं. चार नंबर वॉर्डाच्या रजिस्टरात माणसं शेहेचाळीस, धाकूच्या पाटीवर मात्र सत्तेचाळीस. मागचा महिना पाहिला, मागचं वर्ष पाहिलं, जुनी बाडं उपसली. माणसं कमी-जास्त होत होती, पण स्वयंपाकघराच्या वहीत उतरवलेला पाटीचा आकडा नेहमी एकानं जास्त. तीस वर्षं! मुकादमाला मोजता येत नाही, याचा तिला कोण आनंद झाला. ती नाचतच वॉर्डात गेली.

"मामा, पकडलं तुम्हाला. शेहेचाळीस माणसं आहेत, तुम्ही सत्तेचाळीस मोजता."

धाकू पाटी पुसत होता. त्यानं शांतपणे वर पाहिलं.

"मोजणेत चूक नाय, बाय. सत्तेचाळिसावो मी."

व्हायोलेटला समजायला वेळ लागला. मग तो सांगत गेला आणि ती तिथल्या बाकावर बसून राहिली. सदतीस साली गिरणीत असताना त्याला मोठा ताप आला, तो डोक्यात गेला, आणि पोलिसांनी इथं आणून सोडलं. वर्षभरात तो बरा झाला. घरी पत्रं गेली. न्यायला कोणी आलं नाही. पुढं लढाईच्या दिवसांत अटेंडंट कमी पडले, म्हणून तेव्हाच्या साहेबानं त्याला एक खाकी शर्ट दिला आणि वॉर्ड सांभाळायला सांगितला. तो साहेब बदलून गेला. नव्या साहेबाला दिसला तो फक्त शर्ट. कुणा क्लार्कनं धाकूचं नाव रोग्यांतून काढलं; नोकरांत घालायचं ते काम दुसऱ्याचं होतं, आणि तो दुसरा कोण हे अजूनही कोणाला माहीत नाही. पगार नाही याची वाच्यता धाकूनं कधी केली नाही. जेवण पाटीवरच्या आकड्यातून येत होतं.

एका शर्टानं सरकारला तीस वर्षं गुंडाळलं होतं.

व्हायोलेटच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि लगेच डोक्यात कल्पनाही आली. रोग्याला निवृत्त कसं करणार? वाळवीतून वाचलेला धाकूचा केसपेपर घेऊन ती थेट साहेबांच्या खोलीत घुसली.

डॉक्टर राजाध्यक्षांनी कागद दोनदा वाचला. 'बरा. घरी पाठवण्यास हरकत नाही.' खाली सही, तारीख एकोणीसशे अडतीस. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी रोज सकाळी ह्या माणसाला विचारतो, वॉर्ड कसा आहे," ते म्हणाले. "तू कसा आहेस, असं एकदाही विचारलं नाही."

"म्हणजे सर, आता ते इथंच राहू शकतात ना?"

"कसे? कर्मचारी असेल तर निवृत्त झाला, रोगी असेल तर बरा झाला. दोन्ही रस्ते फाटकाकडेच जातात, मिस मिस्किटा. शहाण्या माणसाला मी एक दिवसही इथं ठेवू शकत नाही. समारंभाच्या आधी, महिनाअखेरीला तपासणी समिती येते. तीच ठरवेल."

व्हायोलेट हार मानणारी नव्हती. शहाणा असणं हीच अडचण असेल तर ती दूर करता येते. दुसऱ्या दिवसापासून तिनं धाकूची शिकवणी सुरू केली. समितीसमोर मध्येच हसायचं. विचारलं एक की उत्तर दुसरं द्यायचं. भिंतीशी बोलायचं. तिनं स्वतः करूनही दाखवलं. धाकू गालावर हात ठेवून बघत राहिला.

"बाय, तू करतंस तसलो खुळो चवतीस वर्षांत मी एकय बघूक नाय."

"मामा, मस्करी नको. इथं राहायचंय ना?"

धाकू पाटी पुसू लागला. व्हायोलेटनं ते 'हो' धरलं आणि पुन्हा भिंतीशी बोलून दाखवलं.

समितीत तिघं होते: एक निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टर आणि समाजसेविका क्षमाबाई. व्हायोलेट कोपऱ्यात टिपणं घ्यायला बसली. धाकू स्वच्छ धुतलेला खाकी शर्ट घालून आला आणि हात जोडून उभा राहिला. न्यायाधीशांनी वार विचारला. त्यानं वारच सांगितला. डॉक्टरांनी पंतप्रधानांचं नाव विचारलं. त्यानं तेही सांगितलं. व्हायोलेट डोळे मोठे करून खुणावत होती, पण तो तिच्याकडे बघेना.

मग क्षमाबाईंनी विचारलं, "धाकूदादा, तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

धाकूनं शर्टाचं टोक खाली ओढलं.

"माका जावचा असा," तो म्हणाला.

व्हायोलेटचं पेन थांबलं.

"ह्या पोरीन माझ्यासाठी लय केल्यान. माका हयसरच ठेवूक बघता बिचारी. पण कोणी इचारूकच नाय माका."

"कुठं जायचंय? गावी?"

"गावात आता कोण असा? खयंय चलात." तो अडखळला. आयुष्यभर दुसऱ्यांची समजूत घालणाऱ्या त्या माणसाला स्वतःसाठी शब्द सापडेनात. "जेची कडी आतसून लागता, अशा खोलीत एकदा निजाचा असा. हयसरच्या समद्या दारांका कडी भायरसून."

व्हायोलेटला मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिनाभर ती त्याच्या वतीनं लढत होती. त्याला इथं डांबून ठेवण्यासाठी. तीस वर्षं ज्यांनी धाकूला विचारलं नाही, त्यांत आता तीही एक होती, आणि तिच्यापाशी तर शर्टाचीही सबब नव्हती.

न्यायाधीश घसा खाकरून म्हणाले, नियमाप्रमाणे नातेवाईक किंवा स्नेही यांना ताब्यात घ्यावं लागतं. तसं कोणी आहे का?

कोपऱ्यातली टिपणं घेणारी मुलगी उठली, टेबलापाशी आली आणि तिथल्या फॉर्मवरच्या 'स्नेही' या शब्दाखाली तिनं सही केली. आईला विचारायचं राहून गेलंय हे तिला सही वाळल्यावर आठवलं.

व्हायोलेटच्या आईनं, एमिलियाबाईंनी, मालाडमधल्याच ओर्लेमच्या घरात थोडी आदळआपट केली, ती रीतीपुरती. मागच्या खोलीत टांगलेल्या कांद्याच्या माळा काढल्या, खाट टाकली, चादर अंथरली. संध्याकाळी धाकू आला. एक पिशवी आणि अंगावरचा शर्ट, एवढंच सामान. त्यानं खोली पाहिली, खिडकी पाहिली, मग दार लोटून घेतलं.

आतून कडी लागल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं कडी निघाली. दार उघडलं नाही. पुन्हा लागली. पुन्हा निघाली. पुन्हा लागली.

"काय गो करतंय तो आत?" एमिलियाबाईंनी विचारलं. "कालवण निवतंय. हाक मार त्याला."

"राहू दे, मम्मी," व्हायोलेट म्हणाली. "त्यांना वाटेल तेव्हा येतील बाहेर."