सात नंबरची कुबडी

मी कुबडी बोलतेय. नाव ऐकून तोंड वाकडं करू नका. मला कुणी हौसेनं घरात आणत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. माझं येणं म्हणजे कुणाचं तरी पडणं. पण अडला हरी म्हणतात ना, तसे भलेभले ताठ मानेचे लोक एकदा पडले की मलाच काखेत घेतात, आणि बरे झाले की कोपऱ्यात भिरकावून देतात. त्याचं मला वाईट वाटत नाही. माणूस मला विसरला म्हणजे तो चालायला लागला, एवढं मला कळतं.

माझा जन्म अमेरिकेतल्या टेनेसीच्या डोंगरातला, तंबाखू वाळवायच्या कोठारातला. ऑर्व्हिल स्टॅलिंग्जचा ड्वेन नावाचा मुलगा तेव्हा शाळेत शेवटच्या वर्षाला होता. ताडमाड वाढलेला, शाळेच्या फुटबॉल संघात मिरवणारा. तंबाखूची पानं टांगायला तुळईवर चढला आणि वरून खाली आला. उजवा घोटा मोडला. ऑर्व्हिलनं हिकरीच्या चिवट झाडाची एक फांदी तोडली, तासली, वर आडवा दांडा ठोकला आणि त्याला जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला. एकच कुबडी केली. दोन केल्या तर पोरगं दुखरा पाय टेकायचंच नाही, असं त्याचं म्हणणं.

त्या वर्षी ड्वेनचं खेळणं संपलं ते कायमचं. शुक्रवारी संध्याकाळी शाळेच्या मैदानावर सामन्याचे दिवे लागायचे तेव्हा तो कोठाराच्या दारात उभा राहून लांबूनच बघायचा. माझ्या गोधडीच्या तुकड्यात तोंड खुपसून तो किती रडला, ते फक्त मला माहीत. पुढे घोटा जुळला आणि मी कोठारात गेले. मग माझ्यावर काय काय वेळ आली म्हणता! मी अक्रोड पाडले, गांधीलमाश्यांची पोळी हुसकली, वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोरीला टेकू दिला. ड्वेनचे केस पांढरे झाले, त्यानं टायरचं दुकान काढलं, नोरीनशी लग्न केलं. मी आपली फावड्याशेजारी उभी.

आता ह्या मंडळींचं एक वेड सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नदीच्या अलीकडे कार्डवेल कॉलेज आणि पलीकडे टेनबी कॉलेज. कार्डवेल लाल, टेनबी पिवळं. ड्वेननं कार्डवेलची पायरी एक दिवस शिकायला चढलेली नाही, त्याच्या बापानंही नाही. पण टोपी लाल, ट्रक लाल, टपालाची पेटी लाल. मोहरीचा पिवळा सॉससुद्धा घरात येत नसे. दर नोव्हेंबरात दोन्ही कॉलेजांचा आमच्याकडच्या फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातानं फेकायच्या आणि गडी पाडायच्या खेळाचा, सामना व्हायचा, आणि कार्डवेल हरलं की ड्वेन आठवडाभर गिऱ्हाइकांशी धड बोलत नसे. अलीकडे तो सारखाच बोलत नव्हता. कारण टेनबीकडे इझ्रा टॉलिव्हर आला होता. सात नंबर. क्वार्टरबॅक. संघाचा प्रत्येक डाव ज्याच्या हातून सुरू होतो, तो गडी. आला त्या वर्षापासून त्यानं कार्डवेलला एकदाही जिंकू दिलं नव्हतं.

आणि सामन्याच्या आधीच्या शनिवारी, दुसऱ्याच कुठल्या संघाशी खेळताना, त्या इझ्राचा घोटा मुरगळला.

सोमवारी सकाळी गावातल्या हर्शेलच्या हॉटेलात काय आनंदीआनंद! ड्वेननं घरी येऊन नोरीनला सगळं साग्रसंगीत सांगितलं, ते मीही ऐकलं, कारण तो मला शोधायलाच कोठारात शिरला होता आणि ती दारात उभी होती. न्याहारीची ताटं बाजूला ठेवून सगळे एका रात्रीत हाडवैद्य झाले होते. कुणी म्हणे सहा आठवडे उठत नाही, कुणी म्हणे हाडच गेलंय, फक्त त्यांचा प्रशिक्षक लपवतोय. कुणी तर हा देवाचा न्याय म्हणाला. एरवी पै न सोडणाऱ्या हर्शेलनं त्या आनंदात सगळ्यांना फुकट कॉफी पाजली, हर्शेलनं!

"कुणाच्या तरी पोराचा पाय आहे तो, ड्वेन," नोरीन म्हणाली.

"कुणाच्या तरी पोरानं आमची इतकी वर्षं वाट लावलीय," ड्वेन म्हणाला आणि त्यानं मला बाहेर ओढलं.

मला वाटलं, पडला की काय पुन्हा! जीव धसकला माझा. पण तो तर चांगला धडधाकट होता. त्याला मी हवी होते ती मिरवायला. सात नंबर लंगडत मैदानात आला की मला उंच धरून नाचवायचं आणि पिवळ्या लोकांना खिजवायचं, असा बेत होता.

शनिवारी कार्डवेलच्या मैदानाबाहेरच्या गवतावर सकाळपासून गाड्या लागल्या. ट्रकची फाळकी पाडून लोकांनी शेगड्या पेटवल्या, डुकराच्या बरगड्या भाजायला टाकल्या. ड्वेननं तिथं बसून लाल रंगानं माझ्या अंगावर लिहिलं : सात नंबर, घरी जा. हर्शेल आणि बाकीचे पोट धरधरून हसले. मला सांगा, जे लाकूड तुमचे अश्रू प्यायलं, त्यावरच असलं काही लिहिताना हात जरा तरी थबकावा की नाही? नाही थबकला. ओल्या रंगानिशी तो मला घेऊन फाटकाशी गेला.

फाटकावरच्या माणसानं अडवलं. आत काठ्या-दांडे न्यायला बंदी.

आणि ड्वेन लंगडायला लागला! लिहिलेली बाजू अंगाकडे वळवली, मला काखेत मारलं आणि असा विव्हळला की नाटकवाल्यांनी बोलावून न्यावं. फाटकावरचा माणूस बिचारा वरमला. म्हणाला, "माफ करा काका, मला दिसलं नाही. वर चढू नका आता, मी तुम्हाला खाली बसवतो." ड्वेन नको नको म्हणतोय आणि तो हात धरून नेतोय. हर्शेल वगैरे मंडळी वर राहिली आणि हा खालच्या रांगेत गेला, जिथं पायानं अधू असलेल्यांची सोय होती. शेजारीच पाहुण्या खेळाडूंच्या घरच्यांच्या जागा. चहूकडे पिवळंच पिवळं. त्यात घाईघाईत हा विसरला की फाटकाशी उजवा पाय लंगडा होता. बसायला गेला तेव्हा डावा लंगडत होता. मला तरी कळलं.

त्याच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. पिवळा स्वेटर, त्यावर सात नंबर. पण तसा नंबर तिथं सगळ्यांच्याच अंगावर होता. त्यांनी सरकून जागा दिली, आपल्या पिशवीतले उकडलेले शेंगदाणे पुढे केले आणि ड्वेनच्या लाल टोपीकडे बघून म्हणाल्या, "वाट चुकलात वाटतं, दादा. पायाला काय झालं?"

"घोटा," ड्वेन पुटपुटला.

बाईंनी चुकचुक केलं. घोट्याचं दुखणं वाईट, म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा गुडघा गेलेला होता, हिवाळ्यात शस्त्रक्रिया ठरली होती. काठी गाडीतच ठेवून आल्या होत्या, कारण आपण काठी घेऊन चालतो हे पोराला अजून सांगितलं नव्हतं, आणि पोरानं वर बघितलं तर दिसायला नको. कुठल्या पोरानं, ते त्या बोलल्या नाहीत. ड्वेननंही विचारलं नाही. तो मला कोटाखाली दडपून बसला होता, अक्षरं झाकून. आणलं होतं नाचवायला, आणि बसायची वेळ आली लपवून! वरून हर्शेल हातवारे करत होता, उचल म्हणून. ड्वेन त्याच्याकडे बघेना. ज्या बाईचे शेंगदाणे खाल्ले तिच्या देखत कसं उचलणार?

इझ्रा टॉलिव्हर मैदानात आला. घोट्याला बुटावरून पांढऱ्या पट्ट्या गुंडाळलेल्या. पाय जरासा ओढत होता, पण फेकत होता झकास. बाई दर वेळी डोळे मिटायच्या आणि चेंडू हातातून सुटला की उघडायच्या. ड्वेन मात्र पुटपुटत होता, धरा त्याला, पाडा त्याला. त्यात मला नवल वाटलं नाही. खेळ आहे, पाडायचंच असतं.

मग पाडलं. अगदी आमच्या समोर, कठड्यापासून चार पावलांवर. कार्डवेलचे दोन दांडगे गडी त्याच्या अंगावर आले आणि उठले, पण सात नंबर उठला नाही. घोटा दोन्ही हातांनी धरून तो दात आवळत पडून राहिला. वरून कुणीतरी ओरडलं, शाब्बास! लगेच दुसऱ्या कुणीतरी त्याला गप्प केलं. दोन्ही संघांचे खेळाडू जिथल्या तिथं एक गुडघा टेकून बसले. कुणी जखमी झालं की तशी रीतच आहे त्यांची. आणि सगळं मैदान, लाल आणि पिवळं, चिडीचूप झालं.

बाई उभ्या राहिल्या. गुडघा दगा देत होता, तरी खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. कठड्यापर्यंत उताराच्या पायऱ्या होत्या आणि धरायला काहीच नव्हतं.

"माझा आहे तो," त्या म्हणाल्या. कुणाला असं नाही, नुसत्याच म्हणाल्या.

मी ड्वेनच्या काखेला कधीकाळी सहा-सात आठवडे राहिलेली. त्याच्या छातीत काय धडधडलं ते मला कळलं. मला दिलं तर दोन गोष्टी उघड्या पडणार होत्या : एक, हा माणूस ढोंगी आहे. दुसरी, माझ्या अंगावरची अक्षरं. त्या पिवळ्या घोळक्यात त्याला तोंड लपवायला जागा उरली नसती. तो क्षणभर घुटमळला, मी खोटं का सांगू. पण मग झटक्यात दोन्ही धड पायांवर उठला आणि मला बाईंच्या काखेत दिलं.

"ही घ्या ताई. चांगली मजबूत आहे. बापानं केलीय माझ्या."

किती वर्षांनी माझ्यावर खरं ओझं पडलं! मी बाईंना जरा उंच होत होते, पण धरलं त्यांनी घट्ट. एक एक पायरी उतरत आम्ही कठड्याशी पोचलो. पायावर उपचार करणारे संघाचे लोक इझ्राच्या भोवती बसले होते. इझ्रानं मान उचलली, आणि त्याला आई दिसली. काखेत कुबडी घेतलेली आई! त्याचा चेहरा असा काही झाला की स्वतःचा घोटा तो विसरलाच. हातानं विचारलं, तुला काय झालं? बाईंनी हातानं सांगितलं, काही नाही, काही नाही. त्याला ते पटलं नाही. तो कोपरावर उठला, मग गुडघ्यावर, मग दोघांच्या खांद्यांवर हात टाकून उभा राहिला. पाय टेकला, तोंड वाकडं केलं, पुन्हा टेकला. टेकता आला.

मग टाळ्या वाजल्या, दोन्हीकडून. मी वळून बघितलं तर माझा ड्वेन उभा राहून टाळ्या पिटत होता आणि नाक पुसत होता. "उठला रे बाबा," असं काहीतरी चाललं होतं त्याचं. कोठाराच्या दारात उभं असलेलं ते जुनं पोर मला त्याच्यात दिसलं. माझा जीव भांड्यात पडला.

बाई परत आल्या तेव्हा माझ्या अंगावरचा लाल रंग त्यांच्या पिवळ्या बाहीला पुसला गेला होता. त्यांनी मला समोर धरून सावकाश वाचलं. ड्वेन कागदी रुमाल घेऊन त्यांची बाही पुसायला लागला, तसा डाग आणखीच पसरला.

"तुमचा घोटा बरा झाला वाटतं," बाई म्हणाल्या.

"हो ताई," ड्वेन खाली बघत म्हणाला. "आत्ताच. चूक झाली माझी."

बाईंनी मला खुर्चीला टेकवलं. मग त्यांच्या ओठांच्या कडेला हसू फुटलं. "जाणारच आहे तो घरी, गुरुवारी सणाला. भाजायला टर्की सांगून ठेवलीय," म्हणाल्या, आणि शेंगदाण्यांची पिशवी पुन्हा त्याच्यापुढे केली.

सामन्याच्या शेवटच्या भागात इझ्रा परत मैदानात आला, पट्ट्या आणखी जाड करून, आणि त्यानं कार्डवेलला हरवलं. पुन्हा! ड्वेननं टोपी जमिनीवर आपटली. "उठायची काय गरज होती रे तुला!" म्हणून त्याला यथेच्छ शिव्या घातल्या, आणि बाई, म्हणजे रॉन्डा टॉलिव्हर, शेजारी बसून पोटभर हसल्या. माणूस दोन पायांवर उभा असला की त्याला शिव्या द्यायला मोकळीक असते. त्या संध्याकाळी शिव्यांमधून नुसतं सुटल्याचं सुखच ऐकू येत होतं.

गाडीपर्यंत लांब चालायचं होतं म्हणून ड्वेननं मला बाईंबरोबरच धाडलं. पुढच्या वर्षी आणून द्या, म्हणाला. हर्शेलनं हॉटेलात त्याला महिनाभर छळलं म्हणतात. नोरीननं त्या रात्री काही न विचारता त्याच्या पुढ्यात गरम मक्याची भाकरी ठेवली, हे त्यानंच पुढे फोनवर रॉन्डाबाईंना सांगितलं.

गुरुवारी इझ्रा घरी आला. घोटा सुजलेला, पण हाड शाबूत. घरभर तो माझ्याच आधारानं हिंडला, आणि पाहुण्यांना माझ्यावरचं लिहिणं वाचून दाखवत सुटला. आईला म्हणाला, मी काही सामन्यासाठी उठलो नव्हतो, तुझ्याकडे बघून उठलो. काठी लपवल्याबद्दल आई त्याची बोलणी खात बसली आणि हसतही बसली. हिवाळ्यात तिच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मी तिची झाले. मग दोघंही चालायला लागले. आता मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे उभी असते. रंग घासून काढायचं कुणाच्या मनात आलं नाही.

उद्या सामना आहे. आज सकाळी ड्वेनचा फोन आला होता. गुडघा कसा आहे विचारलं, मग जरा खाकरून, पोराचा घोटा कसा आहे तेही विचारलं.

"ठणठणीत," रॉन्डाबाई म्हणाल्या.

"मेलो आम्ही," तो म्हणाला. आणि केवढा मोठा, मोकळा श्वास सोडला त्यानं! फोनमधून मलाही ऐकू आला.

उद्या मला त्याच्याकडे परत नेणार आहेत. लोकहो, तुमचे झेंडे नाचवा, ढोल बडवा, एकमेकांना हव्या तेवढ्या शिव्या घाला. मला मात्र उंच धरू नका, वरून मला काहीच करता येत नाही. कुणी पडलं तर हाक मारा. नाही पडलं तर फारच उत्तम. मी फावड्याशेजारी असेनच.