कीर्तनकाराचे मोजे

ह्यांचे पाय गार पडले की घसा बसतो. लग्नाला अडतीस वर्षं झाली, हा नियम एकदाही चुकलेला नाही. हे म्हणजे जनार्दन. विमा कंपनीतून निवृत्त झाले आणि शेवटची बदली झालेल्या जयपुरातच, वैशाली नगरला राहिले. मग नागपूरच्या एका बुवांकडे फोनवर कीर्तन शिकले. माघी चतुर्थीला संध्याकाळी सहाला, बनी पार्कातल्या मराठी मंडळींपुढे त्यांचं पहिलं पूर्ण कीर्तन होतं. आणि त्याच सकाळी त्यांना नाहरगडामागच्या डोंगरावरच्या गणपतीच्या पायांवर कीर्तनाची वही ठेवायला जायचं होतं. चालत. पावसात.

इथे भर थंडीत दोन-तीन दिवस पाऊस लागतो, त्याला मावठ म्हणतात. गव्हाला तो अमृत, ह्यांच्या घशाला नाही. मी म्हटलं, बाप्पा आपल्या देव्हाऱ्यातही आहे. म्हणाले, मनात आलंय. मनात देवानं आणलं असेल तर मी अडवत नाही, बरोबर जाते.

आमचा कौशिक दरवर्षी हिमाचलात डोंगर चढायला जातो. त्यानं फोनवर बाबांची शाळा घेतली. सुती मोजे बिलकुल नकोत, मतलब एकदा भिजले की संपलं. लोकरीचे घाला. पाणी आत न येणारे बूट घ्या. आणि एक सुका जोड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, काही झालं तरी तो सुकाच राहिला पाहिजे. ह्यांनी सगळं लिहून घेतलं, बूट आणले आणि दोन दिवस घरात घालून हिंडले. आपल्या हॉलमध्ये चढ किती आहे, असं मी विचारलं. 

चढताना खरंच काही बिघडलं नाही. वाटेवरून ओहोळ वाहत होते आणि हे मला दाखवायला मुद्दाम डबक्यांतून चालत होते. माझ्या पायात बागेला पाणी घालताना वापरायचे जुने गमबूट, आत अंगठा वेगळा असलेले जांभळे लोकरी मोजे.

देवळाशी मी मोजेही काढले, गमबुटांत कोंबून पत्र्याखाली ठेवले आणि अनवाणी आत गेले. फरशी बर्फ झाली होती. ह्यांनी बूट बाहेर उघड्या पावसातच काढून ठेवले, मोजे काढले नाहीत. लोकर भिजली तरी ऊब देते, असं कौशिकच म्हणाला होता म्हणे. त्या मोज्यांनी त्यांनी संगमरवरावर साचलेल्या पाण्यातून एकवीस प्रदक्षिणा घातल्या. मी नॅपकिननं पाय पुसून सुके मोजे चढवले तेव्हा हे पायरीवर बसून मोजे पिळत होते. दोन वेळा पिळले, तरी धार थांबेना.

मी म्हटलं, काढा तो सुका जोड. पाठपिशवीतून एकात एक घातलेल्या दोन प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या आणि त्यांतून निघाली वही, मघाशी माझे डोळे मिटलेले असताना बाप्पाच्या पायांवर ठेवून परत गुंडाळलेली. मोज्यांची पिशवी सकाळीच वहीला देऊन टाकली होती. मोजे पाठपिशवीच्या तळाशी, ओल्या छत्रीखाली, वरणात बुडालेल्या पोळीसारखे पडले होते.

"वही भिजली असती तर कीर्तन कसं केलं असतं?"

"आणि घसा बसला तर? वही सगळ्यांना वाचायला देणार?"

तेवढ्यात ह्यांना शिंक आली. मग दुसरी. चेहरा एकदम उतरला. घराबाहेर मला कधी नावानं हाक न मारणारा माणूस हळूच म्हणाला, "इंदू, आवाज गेला तर गं?"

मग मी थट्टा थांबवली. त्यांचे पाय लाल होईस्तोवर चोळले. माझे मोजे काढून त्यांना घातले, त्यावर एकेका पायाला एकेक पिशवी, आणि मग ते ओले बूट. पाणी आत येऊ न देणारे बूट आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाहीत, हे कौशिकनं सांगितलं नव्हतं. वहीसाठी हे कासावीस झाले.

"वही माझ्या पोटाशी आहे," मी ती स्वेटरच्या आत खोचत म्हटलं. "तुमचा घसा तुमच्या पायांशी आहे. चला."

उतरताना प्रत्येक पावलाला पिशव्या कुरकुर वाजत होत्या. पिशवी वाजली म्हणजे प्रसाद, हे इथल्या माकडांना पक्कं ठाऊक. सात-आठ जण मागे लागले. हे घाबरून नमनाचा अभंग मोठ्यांदा म्हणायला लागले. माकडं हलली नाहीत, उलट बसून ऐकू लागली. पण आवाज मात्र खणखणीत होता. मला हुश्श झालं. गमबुटात माझे पाय बिनमोज्यांचे आहेत, हे तोवर माझ्या लक्षातही नव्हतं.

संध्याकाळी ह्यांचा आवाज शेवटच्या ओळीपर्यंत टिकला. उत्तररंगात तर असा लागला की मी झांज वाजवायची विसरले. कीर्तन संपल्यावर लोक पाया पडायला आले. आदर्श नगरच्या विभाताई वाकल्या आणि म्हणाल्या, पाय किती ऊबदार आहेत हो बुवा तुमचे. मग माझ्याकडे वळल्या, "आणि वहिनी, तुम्ही आज इतक्या गप्प?"

माझ्या घशातून नुसता वारा आला.

हे म्हणाले, "त्यांनी आज आवाज मला दिलाय." आणि सगळ्यांसमोर, खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या पायांवर पांघरलं.

मला बोलायचं होतं बरंच. तीन दिवस बोलता आलं नाही. ह्यांनी ते तीन दिवस फार आनंदात घालवले.